ताणावर सोडलेली बॅटरी

सूर्याच्या उन्हावर घरात दिवा लागतो, हे ऐकून लोकांना कौतुक वाटतं. मला कधीच वाटलं नाही. ज्या दिवशी ती निळी काचेची पाटी आमच्या कवेलूंच्या छपरावर चढली, त्या दिवशी माझं पांढुर्ण्याला राहायला जाणं बुडालं, आणि ते बुडावं म्हणूनच ती चढवली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर सौंसरचं. वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान, घरी दिवे, पंखा, इस्त्री, सगळं विजेवर. लग्न ठरवताना सांगितलं होतं की मुलगा पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ते खरं होतं. मुलगा राहतो कुठं, हे मात्र कुणी नीट विचारलं नाही. तो राहत होता तिगावच्या पलीकडे, संत्र्याच्या बगीच्यात बांधलेल्या घरात, आणि रोज सायकलनं शाळेत जात-येत होता. विजेचे खांब गावापर्यंत येऊन थांबले होते. बगीच्यात विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं आणि घरात कंदील. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढे बसले आणि चिमणीच्या धुरानं डोळे चोळत चोळत ठरवून टाकलं, आपण इथं राहायचं नाही.

मी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. पहिल्या दिवाळीपर्यंत मी नवऱ्याला सुखानं जेवू दिलं नाही. शेवटी त्यांनी शब्द दिला. पुढच्या दिवाळीपर्यंत घरात वीज आली नाही, तर पांढुर्ण्याला शाळेजवळ दोन खोल्या घ्यायच्या आणि तिथं बिऱ्हाड करायचं. हा शब्द त्यांनी मला दिला, आणि आठवडा जायच्या आत तो मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कानावर गेला. कुणी घातला ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. आता विचारायचीही गरज नाही, घरात माणसं चारच होती. मामाजी, आत्याबाई म्हणजे सासूबाई, हे आणि मी.

मामाजींना मुलगा घरातून हलायला नको होता. तसं ते कधी म्हणाले नाहीत. त्या घरात मनातलं कुणीच म्हणत नसे. ते फक्त एके दिवशी धुतलेलं धोतर नेसून सौंसरला गेले. तिथं तहसीलच्या आवारात सरकारी योजनेचं शिबिर लागलं होतं, सवलतीत सूर्यावरचे दिवे मिळत होते. मीही त्यांच्यासोबत बैलगाडीतून आणि मग बसमधून गेले, कारण माहेरी जायला मला तेवढंच निमित्त होतं. म्हणून ती खरेदी मी डोळ्यांनी पाहिली.

टेबलावर तीन-चार प्लेटा उभ्या करून ठेवल्या होत्या. शिबिरातला माणूस हिंदीत समजावत होता, किती दिवे लागतील, किती वेळ लागतील, कोणती घ्यावी. मामाजींचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते बाजारात बैल पाहतात तसे प्लेटांच्या भोवती फिरले. मागून पाहिलं, काचेवर टिचकी मारली, बोटानं कड चाचपली. एक प्लेट फिकट निळी होती, एक गर्द. गर्द रंगाची निवडली, कारण पान गर्द असेल तर कलम निरोगी, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. मग त्यांनी त्या माणसाला एकच प्रश्न विचारला.

"किती वर्सं जगन हे?"

"बीस साल तो कहीं नहीं गया, बाबूजी."

मामाजी एकदम खूष झाले. वीस वर्षं म्हणजे संत्र्याच्या झाडाचं आयुष्य. त्या क्षणी त्यांच्या मनात ती पाटी झाड झाली, आणि पुढे जे काही झालं ते तिथूनच झालं. परतीच्या बसमध्ये ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "झाडासारखंच हाय पाहा. वरून ऊन खाते, खालून पानी पेते." मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. वीज घरी येत होती आणि माझ्या दोन खोल्या चालल्या होत्या.

बसवायला छिंदवाड्याहून फिटर आला. त्यानं छपरावर लोखंडी चौकट ठोकली, दक्षिणेकडे तोंड करून प्लेट तिरपी बसवली, तारा खाली आणल्या. ओसरीच्या कोपऱ्यात लाकडी पेटीत बॅटरी ठेवली आणि भिंतीवर एक डबा लावला, त्यावर हिरवा आणि लाल असे दोन बारके दिवे. दोन ट्यूबलाइट होत्या. एक कुठं लावायची ते विचारायलाच नको होतं, मामाजींच्या ओसरीत लागली. दुसरी कुठं लावायची हे फिटरनं विचारलं तेव्हा मी दारामागून आत्याबाईंना म्हटलं, "स्वयंपाकघरात सांगा." आत्याबाईंनी सांगितलं. मामाजी म्हणाले, "चुलीचा उजेड पडते नं तिथं."

दुसरी ट्यूब संत्री निवडायच्या मांडवात लागली.

संत्र्यांना उजेड मिळाला आणि मला चिमणीच राहिली. तरी घरात वीज आली, हे मात्र सगळ्या गावानं मान्य केलं. संध्याकाळी हे मला म्हणाले, "आली बापा वीज. आता तं खूष?"

"कुठं आली? माझ्या चुलीपाशी तं नाई आली."

"घरात आली नं."

शब्दाचा असा कीस पाडायला फार शिकावं लागतं. हे बी.एस्सी. होते.

फिटरनं जाताना प्लेट आणि बॅटरी कशी सांभाळायची ते सांगितलं. पुरुष मंडळी तेव्हा छपराकडे बघत बाहेर अंगणात उभी होती, ऐकायला मी एकटी होते, हातात चहाचा कप घेऊन. काच रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, राखेनं घासायची नाही. लाल दिवा लागला की ट्यूब बंद करायची. बॅटरीला वर सहा बुचं आहेत, ती दर महिन्याला उघडून बघायची आणि पाणी खाली गेलं असेल तर भरायचं. पाणी बॅटरीचंच, गॅरेजमध्ये मिळतं ते. विहिरीचं चुकूनही नाही. बॅटरीच्या आतल्या प्लेटा कोरड्या पडल्या की ती मेली म्हणून समजा. मग त्यानं विचारलं, "समझ गईं?" मी मान हलवली. मला समजलं होतं. ते कुणाला सांगायचं, हा प्रश्न होता.

कारण त्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, आवाज खाली ठेवायचा आणि काय सांगायचं ते सासूकरवी सांगायचं. मामाजी समोर दोन हातांवर बसलेले असले, तरी मी भिंतीकडे पाहून म्हणायचं, "आत्याबाई, मामाजींना विचारा भाकर वाढू का." आणि आत्याबाईंनी तेच पुन्हा म्हणायचं. माझ्या माहेरी वहिनी वडिलांशी दुकानाच्या मालावरून वाद घालायची. मला हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटायचा, अजूनही वाटतो. फिटरचं बोलणं मी आत्याबाईंना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पद्धतीनं निम्मंअर्धं पुढे सांगितलं. मामाजींनी त्यातलं पाणी आणि पुसणं एवढंच घेतलं. पेटीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली, आणि काच पुसायचं काम मला लावून दिलं.

रोज सकाळी शिडी लावायची, साडी खोचायची, एका हातात ओलं फडकं धरून कवेलूंवर चढायचं. पाय पडला की कवेलू फुटायचं आणि खालून आत्याबाई ओरडायच्या. बगीच्यात फवारणी झाली की काचेवर पांढरी पुटं चढायची, ती नखानं काढावी लागायची. कावळ्यांनी ती जागा पसंत केली होती, ते वेगळंच. एवढं करून दिवस मावळला की ओसरीत ट्यूब लागायची. आजूबाजूच्या बगीच्यांतली माणसं बघायला यायची, मामाजी पाय पसरून बसायचे आणि मी आत चिमणीच्या उजेडात चहा उकळायची. लोक म्हणायचे, "लय पांढरा उजेड हाय." मामाजी म्हणायचे, "आपली निवड हाय." मी मनातल्या मनात त्या पाटीला शिव्या घालायची, आणि सकाळी पुन्हा तीच पाटी पुसायला शिडी लावायची.

दिवाळी आली आणि गेली. पांढुर्ण्याचं नाव कुणी काढलं नाही.

त्या हंगामात संत्री चांगली आली होती. मांडवात निवडणं, टोपल्या भरणं रोज अंधार पडेपर्यंत आणि पुढेही चालायचं. भिंतीवरचा लाल दिवा लागलेला असायचा. मी आत्याबाईंना दाखवायची, त्या म्हणायच्या, "लागू दे, माल पडला हाय." बॅटरी रोज अशी पिळून निघत होती. फळ उतरवून संपलं तोवर ट्यूबचा उजेड पिवळट पडला होता, आणि मामाजींनी आपलं निदान केलं.

"थकली हाय. ताण द्या लागते."

संत्रेवाल्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. फळ उतरलं की आमच्याकडे झाडाचं पाणी तोडतात. महिनाभर, कधी जास्त, झाडाला थेंब देत नाहीत. पानं मलूल होतात, गळायला लागतात, परका माणूस म्हणेल बगीचा वाळला. त्याला ताणावर सोडणं म्हणतात. मग एक दिवस पाणी देऊन ताण तोडतात आणि झाड अंगभर फुलतं. त्यालाच बहार म्हणायचं. किती दिवस ताणायचं आणि कधी तोडायचं, ह्यात सगळी हुशारी. मामाजी ह्या कामात नावाजलेले होते. सावरगावापर्यंतचे लोक त्यांना विचारायला येत, आता तोडू का अजून थांबू. हे मी नाकारत नाही. झाडांच्या बाबतीत त्या माणसाला कळत होतं.

पण बॅटरीला बहार येत नाही.

त्यांनी बॅटरीचं पाणी बंद केलं. तोपर्यंत ते दर महिन्याला इमानेइतबारे भरत असत, ह्यांनी पांढुर्ण्याच्या गॅरेजमधून आणलेलं. आता ती पांढरी बाटली कोनाड्यात उपडी ठेवली. दोन्ही ट्यूबही बंद केल्या, झाडाला विसावा हवा म्हणून. मात्र वरची काच पुसणं चालूच. "ऊन खाऊ दे तिले," म्हणाले. म्हणजे वरून ऊन भरत राहायचं, खालून काढायचं काहीच नाही, आणि पाणी तर बंदच. काही दिवसांनी पेटीजवळून झाडताना आतून गुळगुळ आवाज यायला लागला. आंबट, नाकात झोंबणारा वास यायचा. उकळून उकळून आतलं पाणी उडून चाललं होतं.

तुम्ही म्हणाल, तुला काय, मरू दे बॅटरी, मेली की तुझ्या दोन खोल्या मिळाल्या. माझ्याही मनात ते आलं नाही असं कशाला म्हणू? पण मी रोज जीव धोक्यात घालून ती काच पुसत होते. माझ्या कष्टावर चालणारी वस्तू कुणीतरी डोळ्यांदेखत उकळून मारतो आहे, हे मला बघवत नव्हतं. पांढुर्णा मला भांडून हवं होतं, असं नको होतं. मी आधी यांना गाठलं.

"तुमी सांगा मामाजींना. तुमी शिकवता नं बॅटरी?"

नववीच्या पुस्तकात तो धडा होता. तो शिकवताना ह्यांचा हात कुणी धरत नसे, असं शाळेतले लोक म्हणायचे. घरी पेपर तपासताना मी स्वतः पाहिलं होतं, कुणी पोरानं चुकीचं लिहिलं की लाल पेन्सिलीनं केवढी मोठी रेघ ओढायचे.

"सांगतो नं," म्हणाले. "सांगतो, सांगतो."

नाही सांगितलं. मग आत्याबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी नाई सांगत बाई. त्याइच्या ताणात मी कवाच बोलली नाई."

शेवटी मीच बोलले. सकाळची वेळ होती. मामाजी ओसरीत दात घासत होते, हे शाळेत जायला सायकलीला हवा भरत होते. पेटीतून गुळगुळ चालू होती. मी पदर डोक्यावर घेतला, पण भिंतीकडे पाहिलं नाही. सरळ त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "मामाजी, बॅटरीला ताण नसते देत. आतल्या प्लेटा कोरड्या पडून राहिल्या. आज पाणी नाही टाकलं तर ती मरून जाईल. फिटरनं मला सांगितलं होतं."

आत्याबाईंच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. त्या घरात येऊन दोन वर्षं व्हायला आली होती आणि मामाजींनी माझा आवाज सरळ असा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चूळ भरली, थुंकली आणि मुलाला म्हणाले, "काय रे, तुई बायको म्हनते ते खरं हाय का? तू तं शायेत हेच शिकवते म्हने."

हे पंपावर वाकलेले. वर पाहिलंच नाही. मी वाट बघत होते. एक 'हो' म्हणायचं होतं, फार नाही.

"आता बाबा," ते म्हणाले, "पुस्तकातलं अलग राह्यते अन् अनुभवाचं अलग राह्यते. तुमाले जास्त समजते."

मामाजी मग आत्याबाईंना म्हणाले, "हिच्या जिभेले हाड नाई. सौंसरवाल्याइनं काई शिकवलं नाई वाटते." एवढं बोलून ते बगीच्यात निघून गेले. ह्यांनी सायकल काढली. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. आत्याबाई त्यानंतर पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि मीही कुणाशी बोलले नाही. तरी काच पुसायला वर जातच होते. नाही गेले तर तेवढंच निमित्त मिळालं असतं.

बगीच्याचा ताण तोडायचा दिवस मामाजींनी ठरवला. बॅटरीचाही तोच धरला. दिवसा झाडांना पाणी सोडलं, पहिल्या झाडापाशी नारळ फोडला, आणि दिवस मावळताना ओसरीत आजूबाजूचे बगीचेवाले बोलावले. तांब्याच्या गडव्यात विहिरीचं पाणी घेतलं. कोनाड्यातल्या बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. ज्या विहिरीवर बगीचा फुलतो, तिच्याच पाण्यावर ही फुलणार होती. पेटीला हळदकुंकू वाहिलं, सहा बुचं उघडली आणि एकेकात पाणी ओतलं, वर येईपर्यंत, वरून वाहीपर्यंत. ते वाहिलेलं पाणी आतल्या तेजाबासकट त्यांच्या धोतरावर सांडलं. त्याची भोकं दुसऱ्या दिवशी मला धुताना दिसली, धोतर हातातच आलं.

मग त्यांनी बटन दाबलं.

ट्यूबची दोन्ही टोकं लालसर झाली. एकदा उजेड फडफडला. लोक "लागली, लागली" म्हणाले. पुन्हा एकदा फडफडला आणि गेला. मामाजींनी बटन वरखाली केलं, परत केलं. भिंतीवरच्या डब्यावर ना हिरवा दिवा ना लाल. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "बहार गयला वाटते दादा." आणि सगळे हसले. ज्यांना मामाजींनी आयुष्यभर बहाराची अक्कल शिकवली तेच हसत होते.

मला त्या वेळी त्यांची कीव आली. खरंच आली. तेवढ्यापुरती माझ्या मनातली सगळी आग विझली होती. मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते. मामाजी वळले, त्यांची नजर माझ्यावर पडली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून बोलले.

"वर रोज कोन चढते?"

लोकांनी छपराकडे पाहिलं.

"पांढुर्ण्याले जाची घाई कोनाले हाय? काचेले काई केल्याबिगर अशी मरते का बॅटरी?"

किल्ली त्यांच्या करगोट्याला होती. पाणी त्यांनी बंद केलं होतं, विहिरीचं पाणी लोकांसमोर त्यांनीच ओतलं होतं. पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण सासऱ्यापेक्षा सुनेवर विश्वास न ठेवणं सोपं असतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते कंदिलाची काच पुसत होते. फार मन लावून पुसत होते. काच पुसून झाल्यावर त्यांनी वात वर केली, कंदील खुंटीला लावला आणि पाहुण्यांना म्हणाले, "घ्या नं चाय घ्या, थंडी होऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी ओढत होते. हे मागून आले. मला वाटलं, माफी मागायला आले असतील, आणि काय बोलायचं ते मी तयार ठेवलं होतं. पण त्यांचा चेहरा हसरा होता. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "झालं नं काम?"

"कोणतं काम?"

"अवं, बॅटरी गेली नं. वीज गेली. आता बाबाले काई बोलताच येत नाई. आता घेऊन टाकू खोल्या." माझा चेहरा बघून त्यांना समजावून सांगावंसं वाटलं असावं. "मले पयल्या दिवसापासून मालूम होतं. ताणावर सोडली तवाच समजलं, गेली ही. म्हनून तं चूप राहिलो. तू उगाच मधात बोलली."

"आणि लोक मला म्हणून राहिले ते?"

"दोन दिवस म्हनतीन. तुले काय फरक पडते?"

ते फार खूष होते. बापाला 'मला जायचं आहे' एवढं एक वाक्य न बोलता त्यांना जायला मिळणार होतं. त्यासाठी बाप गावासमोर हास्यास्पद झाला आणि बायको घरभेदी ठरली, पण वाक्य वाचलं. माझ्या हातातून दोर सुटला. बादली दोरासकट खाली गेली आणि पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. हे म्हणाले, "पाय बरं, नीट धरत जाय." आणि गळ शोधायला गेले.

चैत्रात आम्ही निघालो. मामाजींनी परवानगी दिली, म्हणजे असं जाहीर केलं की पोराला शाळा दूर पडते. बॅटरीचं नाव त्यात नव्हतं. ते नाव गावातल्या बायकांच्या तोंडी होतं. मी पाणवठ्यावर गेले की बोलणं थांबायचं. अंगणात बैलगाडी उभी होती, ट्रंका, भांडी, गादी चढवून झाली होती. छपरावर ती पाटी होती तशीच होती, कुणी पुसत नव्हतं म्हणून धुळीनं राखाडी झालेली. मी आत्याबाईंच्या पाया पडले, मग मामाजींच्या. आणि ठरवलं होतं ते बोलले. पुन्हा सरळ, तोंडावर.

"मामाजी, बॅटरी मी नाही मारली. तुमच्या मुलाला विचारा. त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही."

हे गाडीला दोर आवळत होते. हात थांबले नाहीत. मामाजींनी एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील, माझ्यावर नाही तर त्यांच्यावर. पण ते अगदी शांत आवाजात, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "मले मालूम हाय सूनबाई. त्या रात्रीच समजलं, तो कंदील पुसत होता तवा."

"मग मला काऊन म्हटलं? लोकांसमोर?"

"तो माया पोरगा हाय. लोकाइत त्याले लबाड म्हनू का?" त्यांनी करगोट्याची किल्ली चाचपली. "तू तं काय, तू जाऊनच राहिली."

मी गाडीत चढले. दुसरं काय करणार होते? आत्याबाईंनी शिदोरीचं गाठोडं वर दिलं, बैल हलले. रस्ताभर हे गाडीवानाशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होते.

पांढुर्ण्याच्या त्या खोल्या लहान होत्या, पण भिंतीवर बटन होतं. दिवे लागणीला हे मला हाताला धरून त्याच्याजवळ घेऊन गेले, "तूच दाब" म्हणाले. मी दाबलं. लख्ख उजेड पडला, कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं नं तुया मनासारखं?"

मी म्हटलं, "झालं, मास्तर."

तेव्हापासून मी त्यांना 'अहो' म्हणणं सोडलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवऱ्याला मास्तर म्हणते, किती मान देते बघा. मास्तरांनाही तसंच वाटतं.